शीशांत पळय

डिचोलीच्या मामलेदार कचेरीत
तीन नंबरच्या खिडकीआडची मुलगी म्हणते,
असं कुणी नाही.

शाबलो गांवस, मी पुन्हा सांगतो,
श शहामृगाचा.
तीस वर्षं दुसरीचा वर्ग घेतल्यावर
माणूस असंच बोलतो.
ती एस दाबते, एच दाबते,
पडदा जरा वेळ विचार करतो
आणि कोराच राहतो.
माझा आजोबा,
कुळागरातलं पाणी नुसत्या टाचेने वळवणारा,
नाही.

बाकावर इनासबाब बसलेले असतात.
निवृत्त लेखनिक. आता लोकांचे अर्ज लिहितात,
एका अर्जाला चाळीस रुपये आणि चहा.
मान वर न करता ते म्हणाले,
"बाय, शीशांत पळय गो."

शीश म्हणजे दोन काठ्या, एकीवर एक आडवी.
मुलीच्या शाळेत ती एक्स,
माझ्या शाळेत चुकलेल्या गणितावरची फुली.
इनासबाबांच्या शाळेत मात्र
ओठांवर बोट ठेवल्यावर येतो
तो आवाज.

मुलगी शोधायला लागली तोवर
माझ्याच अर्जाच्या पाठीवर त्यांनी मला
मुळाक्षरं घातली, आ बे से दे,
जोता, कापा, आणि आगा.
आगा मुका.
मिसाला येतो, मागच्या बाकावर बसतो,
गाणं म्हणत नाही.
पण एनच्या शेजारी बसवा,
दोघं मिळून काय म्हणतात ऐका:
सेञोर.

मी दचकलोच.
माझ्या वर्गातल्या तक्त्यावर
ञच्या चौकोनात चित्र नाही.
दरवर्षी कुणीतरी विचारतं, गुरुजी, ञ कशाचा?
दरवर्षी मी छडी पुढच्या घरावर ठेवतो,
ट टरबुजाचा.
आणि हा इथे, डोंगरापलीकडच्या इगर्जीत,
एवढी वर्षं कामाला होता.

आडनावात से आहे, इनासबाब म्हणाले,
पण तिच्या पायाशी बारीक आकडा,
मासे धरायच्या गळासारखा.
तो असला तर स, नसला तर क.
यंत्रात भरताना आकडा पडला.
आमच्या गावाच्या पाटीवर बिचोलिम लिहिलंय ना,
त्यात च नाही, श आहे,
आणि शेवटच्या एमला ओठ मिटायचे नाहीत,
तुमचा अनुस्वारच तो, शेपटीला बांधलेला.
मग डिचोलीचा ब कसा झाला? मी विचारलं.
ते म्हणाले, त्यासाठी दुसरा अर्ज करा.

"झाब्लो गाऊन्को," मुलीने वाचलं,
एखाद्या फुटबॉलपटूचं वाचावं तसं.
हे का तुमचे?

हो म्हणालो.
कुळागराच्या बांधावर उभं राहून
कुणी या नावाने हाक मारली असती
तर आजोबाने मागे वळूनही पाहिलं नसतं.

उतारा निघाला. सोबत जुन्या कराराची नक्कल,
सन त्रेपन्न, तिरकं, लांब शेपट्यांचं अक्षर,
आणि तळाशी, सहीच्या जागी,
दोन काठ्या, एकीवर एक आडवी.
शाई खालच्या टोकाला जाड झालेली,
टाक तिथे थांबला असावा.

आजोबा शाळेत गेला नव्हता, असं घरात सगळे सांगतात.
अंगठ्याऐवजी त्याने फुली मारली,
की कुणीतरी त्याला त्याच्या नावाचं
पहिलं अक्षर दाखवलं होतं
आणि तेवढ्यावरच कागद ओढून घेतला?

इनासबाबांनी नक्कल डोळ्यांजवळ नेली,
चष्मा काढला, परत लावला.
"सोबीत काडलां," एवढंच म्हणाले.

चहाचे पैसे मी दिले.